सर्पगंधेची मात्रा

१९३१ साली सर्पगंधेच्या मुळीवर भारतात दोन निबंध छापून आले. पहिला कलकत्त्याचा. सेन आणि बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलेल्या या लेखाच्या मथळ्यातच दावा होता: वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर एक नवे भारतीय औषध. मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा द्यावे. रोग्याला झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि भ्रमिष्ट माणूस आठवड्याभरात ताळ्यावर येऊ लागतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरा निबंध दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातून आला. सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी काढली होती. त्यांतल्या मुख्य स्फटिकाला त्यांनी 'अजमलीन' नाव दिले, चार वर्षांपूर्वी वारलेल्या हकीम अजमल खानांच्या आठवणीसाठी. तिब्बिया कॉलेज हकीमसाहेबांनीच उभे केलेले, आणि देशी औषधे आधुनिक प्रयोगशाळेत तपासून पाहावीत हा ध्यासही त्यांचाच.

'नवे' हा कलकत्त्याच्या डॉक्टरांचा शब्द डॉक्टरांपुरताच खरा. बिहारमध्ये ही मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जात असे. आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर सावलीत हे झुडूप वाढते; मराठीत त्याला हरकी, अडकई अशी नावे आहेत. गुडघा-मांडीएवढी उंची, प्रत्येक पेराशी तीन-तीन पाने, लालसर देठांची पांढरी फुले, पुढे काळपट जांभळी बारीक फळे. जमिनीखालची मुळी वेडीवाकडी आणि कडूजहर. संहितांमध्ये सर्पगंधेचे नाव विषावरच्या द्रव्यांत येते, मात्र ती हीच वनस्पती का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सापाच्या विषावरच्या लाकडांबद्दल लिहिले. मुंगूस सापाशी झुंजण्याआधी ही मुळी चघळते, ही गोष्टही तेव्हापासून फिरते आहे. ओर्ताने वर्णिलेल्या लाकडांपैकी एक सर्पगंधा असावी असे बरेचजण मानतात. साप चावल्यावर मात्र तिचा काही उपयोग नाही. तो वेळ दवाखाना गाठण्यात घालवावा. 'राउवोल्फिया' या लॅटिन नावाचीही गंमत आहे. ते ज्याच्यावरून पडले तो लिओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला आउग्सबुर्गचा डॉक्टर. तो बगदादपर्यंत आला, त्याने कॉफीचे वर्णन युरोपात नेले, पण हे झुडूप त्याने जन्मात पाहिले नाही.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्राण्यांवर प्रयोग केले. रक्तदाब खरोखर उतरत होता. मग एक कोडे उभे राहिले. सिद्दीकींचे देखणे स्फटिक दिले, तर मुळीचा तो शांत करणारा, झोप आणणारा गुण दिसेना. स्फटिक काढून घेतल्यावर भांड्यात उरणारा चिकट, राळेसारखा चोथा दिला, तर दिसे. ज्याला शुद्ध म्हणून वेगळे काढले त्यात मुख्य गुण नव्हता, आणि टाकाऊ दिसणाऱ्यात होता. हे ध्यानात आले, पण त्या चोथ्यात नेमके काय आहे ते हुडकायला पुढची कित्येक वर्षे गेली.

तोवर देशातले डॉक्टर मुळीच्या गोळ्या देऊ लागले होते. हिमालय ड्रग कंपनीने डेहराडूनहून १९३४ साली 'सर्पिना' या नावाने त्या बाजारात आणल्या. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना ही मुळी चारताना पाहून कंपनीच्या संस्थापकांना कल्पना सुचली, असे सांगतात. कंपन्यांच्या जन्मकथा असतात तशी ही एक. ऐकायला चांगली आहे.

त्या काळात उच्च रक्तदाबावर जगात काय उपाय होते हे आज विसरायला झाले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० मोजला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसासाठी त्याच्या डॉक्टरांकडे विश्रांती, कमी मीठ आणि झोपेची औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते. इतरत्र पाठ उघडून कण्याशेजारचे मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया होत असे, किंवा रोग्याला महिनोन्महिने निव्वळ भात आणि फळांवर ठेवले जाई. थायोसायनेट नावाचे एक विषारी औषधही वापरात होते. अनेक मोठे डॉक्टर तर म्हणत, वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे, त्याच्याशी छेडछाड करू नका. फायदा आणि धोका तोलायचा तर तो या तराजूत तोलावा लागतो. नाहीतर पन्नास वर्षांनंतरच्या सुरक्षिततेच्या अपेक्षा घेऊन आपण त्या डॉक्टरांना वेड्यात काढतो.

याच सुमाराला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे तरुण डॉक्टर काम करत होते. जन्म मुंबईचा, १९११ चा. वैद्यकीचे शिक्षण लंडनमध्ये. परत आल्यावर त्यांनी या देशी मुळीकडे नाक मुरडून पाहिले नाही आणि डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. ते मोजत राहिले. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा सहा पानांचा निबंध आला. त्यात ५० रोगी होते. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रोग्यांत वरचा दाब उतरला, ८१ टक्क्यांत खालचा. त्रास झाला तो किरकोळ.

आजच्या निकषांनी हा निबंध कच्चा आहे. तुलनेसाठी औषध न दिलेला निराळा गट नव्हता. साखरेची गोळी घेऊनही डॉक्टरच्या सहवासाने दाब थोडा उतरतो, ही गोष्ट त्यात वजा झालेली नाही. चार आठवडे हा काळही आयुष्यभर घ्यायच्या औषधासाठी अपुरा. जो अपाय तिसऱ्या किंवा सहाव्या महिन्यात उगवतो तो त्यात दिसणारच नाही. हे सगळे मान्य करूनही मी या निबंधाला मोठा मानतो. 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' या वाक्याची जागा त्याने आकड्यांना दिली. किती रोगी, किती दाब, किती दिवस हे लिहून ठेवले, म्हणजे दुसऱ्याला ते खोडून काढता येईल. दुसऱ्याने खोडून काढायला घेतलेही, आणि तिथून सर्पगंधेचा जगप्रवास सुरू झाला.

तो दुसरा म्हणजे बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स. त्यांनी वकिलांचा निबंध वाचून भारतातून गोळ्या मागवल्या आणि १९५० पासून आपल्या रोग्यांवर वापरून पाहिल्या. दाब हळूहळू, दोन-चार आठवड्यांत उतरतो. एकटीच्या बळावर मुळी फार तीव्र रोगात पुरी पडत नाही. पण माणूस निवांत होतो, असे त्यांना दिसले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तोच टाकाऊ चोथा हाती घेतला. १९५२ साली त्यातून त्यांनी एक अल्कलॉइड वेगळे काढले: रेसर्पीन. कोडे सुटले. ग्रॅममध्ये मोजायच्या मुळीचे काम आता मिलिग्रॅमच्या तुकड्यांत होऊ लागले, आणि 'सर्पासिल' या नावाने गोळ्या जगभर गेल्या.

मग जे झाले त्याला ताळतंत्र राहिले नाही. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवरचे आपले अनुभव १९५३ साली मांडले. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड सरकारी मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी शेकडो रोग्यांना औषध दिले. वॉर्डातल्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या कमी झाल्या, हे आधी काचा बसवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आले असा किस्सा आहे. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली माणसे शांत बसू लागली. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. पुढच्या वर्षी विल्किन्स यांना मिळाला. भारत सरकारने वकिलांना १९५८ साली पद्मभूषण दिले. रसायनशास्त्रात रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पीनचा रेणू पायरीपायरीने प्रयोगशाळेत बांधून दाखवला, १९५६ मध्ये. त्यांना पुढे नोबेल मिळाले.

या धामधुमीत मात्रा वाढत गेली. रक्तदाबासाठी रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, कधी जास्तही. मनोरुग्णालयांत त्याच्या कित्येक पट. आणि १९५४ च्या अखेरीस वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्रीस यांनी एक छोटी सूचना छापली. रेसर्पीनच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रोग्यांना खोल उदासीनता आली होती. मागोमाग इतरांचेही अनुभव येऊ लागले. माणसे पहाटे लवकर जागी होत, रडत, कशातच मन लागत नसे. काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शिवाय नाक चोंदणे, हगवण, जठरातला व्रण, नाडी मंद पडणे, आणि मोठ्या मात्रेत चक्क कंपवातासारखी ताठरता.

यामागचे कारण १९५५ च्या सुमारास उलगडू लागले. अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले की रेसर्पीन दिल्यावर मेंदूतले सेरोटोनिन घटते. पुढे कळले की नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामीनही घटते. मज्जातंतूंच्या टोकांशी ही द्रव्ये बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पीन त्या पिशव्यांचे दार बंद करते. बाहेर राहिलेले द्रव्य तंतूतच नष्ट होते. रक्तवाहिन्यांना आवळणारा निरोप पोहोचत नाही, म्हणून दाब उतरतो. मेंदूतले निरोपही पोहोचत नाहीत, म्हणून चळवळ्या माणूस शांत होतो, आणि शांत माणूस कधी कधी विझतो. फायदा आणि अपाय वेगवेगळ्या वाटांनी येत नव्हते. मुळीचे 'चांगले' तेवढे ठेवून 'वाईट' काढून टाकू, हा मार्गच बंद होता. हातात उरत होती ती फक्त मात्रा.

आणखी एक खोच अशी की या दारांना रेसर्पीन कायमचे चिकटते. औषध बंद केले तरी शरीराला नवी दारे तयार करावी लागतात. परिणाम कित्येक दिवस, कधी आठवडाभराहूनही जास्त रेंगाळतो.

उदासीनतेचा आरोप मात्र वाटतो तितका सरळ नाही. १९५५ मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंतेने आणि उदासीनतेने ग्रासलेल्या रोग्यांवर रीतसर, साखरेच्या गोळीशी तुलना करून चाचणी घेतली, आणि रेसर्पीन घेणाऱ्यांना चक्क बरे वाटले. हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जवळजवळ विसरला गेला. रेसर्पीन उदासीनता आणते, रेसर्पीन मेंदूतली रसायने घटवते, म्हणून उदासीनता म्हणजे रसायनांची तूट, हे सूत्र इतके सुटसुटीत होते की आड येणारा पुरावा कुणाला नकोच होता. अलीकडच्या काळात जुने अहवाल पुन्हा तपासणाऱ्यांनी या सूत्रावर बरीच शंका घेतली आहे. माझ्या मते दोन्ही टोके टाळावीत. मोठ्या मात्रेवर, आधी नैराश्य येऊन गेलेल्या माणसांत, धोका खरा होता. प्रत्येक गोळी उदासीनता आणते हा समज खरा नव्हता.

अपायातून एक उपायही निघाला. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पीन दिले. ससे गोठल्यासारखे बसून राहिले, कान पडलेले. मग त्यांना लेवोडोपा, म्हणजे शरीर ज्याचे डोपामीन करते ते द्रव्य, टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामीनची तूट आणि कंपवात यांचा संबंध इथून उजेडात आला आणि साठच्या दशकात लेवोडोपा हे कंपवाताचे औषध झाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. (हे लेवोडोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असते, पण ती निराळी कथा.)

आता पुन्हा फ्रीस. १९५४ मध्ये धोक्याची घंटा वाजवणाऱ्या या माणसाने औषध टाकून दिले नाही, मात्रा कापली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी १४३ पुरुष निवडले, ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. ७३ जणांना औषध, ७० जणांना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी. औषधात हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन आणि रेसर्पीन. यांतले रेसर्पीन दिवसाला अवघे ०.२ मिलिग्रॅम. १९६७ मध्ये निकाल छापला. पोकळ गोळीवाल्यांत २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणे यांसारखे गंभीर प्रसंग आले आणि चारजण दगावले. औषधवाल्यांत गंभीर प्रसंग दोन, मृत्यू एकही नाही. वाढलेला रक्तदाब उतरवल्याने माणसे वाचतात, हे जगात पहिल्यांदा असे ठणठणीत सिद्ध झाले, आणि त्या त्रिकुटात सर्पगंधेचा अंश होता. आपल्याकडचे देशभक्त लेख १९४९ च्या निबंधापाशी थांबतात. सर्पगंधेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा १९६७ चा आहे, आणि तो तिच्यावर आरोप ठेवणाऱ्यानेच आणला.

त्यानंतरचा मोठा धक्का सप्टेंबर १९७४ चा. 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात बॉस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास आले: रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दुप्पट ते साडेतीनपट. वर्तमानपत्रांनी ते उचलले, डॉक्टरांनी लेखण्या आवरल्या. पुढच्या काही वर्षांत झालेल्या अनेक अभ्यासांत मात्र हा संबंध एक तर दिसलाच नाही किंवा अगदी पुसट दिसला. तुलनेचा गट निवडण्यातच गफलत होती, असे बहुतेकांचे मत पडले. उंदरांवरच्या चाचण्यांत गाठी झाल्या, त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी यादीत रेसर्पीनवरचा संशयाचा शिक्का अजून आहे. याच १९७४ साली डॉ. वकील वारले.

औषध मागे पडले ते फक्त या भीतीमुळे नाही. नवी, कमी त्रासाची औषधे आली होती आणि रेसर्पीन इतके स्वस्त झाले होते की त्याची बाजू घेऊन डॉक्टरांच्या दारी जायला कोणताच विक्री प्रतिनिधी मोकळा नव्हता. आपल्याकडे 'अॅडेल्फेन' ही रेसर्पीन असलेली गोळी मात्र आजी-आजोबांच्या पिढीने कित्येक वर्षे घेतली. अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, काही कारणाने दुसरे औषध चालत नसेल तर दिवसाला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम रेसर्पीन द्यायची सोय ठेवलेली होती. दहा पट मात्रा उतरली होती, आणि तिथे त्रासही उतरला होता.

धोका झाडालाही होता. सर्पगंधेचे औषध मुळीत; मुळी काढायची म्हणजे झुडूप उपटायचे. पन्नासच्या दशकात परदेशी मागणी एवढी वाढली की जंगले खणून निघाली. सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा कंपन्यांनी आफ्रिकेतल्या तिच्या भाऊबंद झाडाकडे मोर्चा वळवला. १९९० पासून ही वनस्पती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तुटवडा असला की भेसळ येतेच. दुसऱ्या जातींची मुळी मिसळली जाते, आणि अस्सल मुळीतही जागेप्रमाणे, हंगामाप्रमाणे रेसर्पीन कमीजास्त भरते.

म्हणून शेवटी एक साधा हिशेब मांडतो. वाळलेल्या मुळीत रेसर्पीन हजारात एक भाग धरू. १९३१ च्या निबंधातली मात्रा दिवसाला अडीच ते चार ग्रॅम चूर्ण; म्हणजे अडीच ते चार मिलिग्रॅम रेसर्पीन. चूर्णातले सगळे अंगी लागत नाही असे धरले, तरी फ्रीस यांनी ठरवलेल्या ०.२ च्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. 'झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार' असे म्हणत चमच्याने चूर्ण घेणारा माणूस मनोरुग्णालयातल्या मात्रेच्या जवळ जाऊ शकतो, आणि त्याच्या हातातल्या पुडीत नेमके किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

सर्पगंधा घनवटीसारख्या गोळ्या आजही झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी घेतल्या जातात. जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली, दाब मोजत घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ज्यांना नैराश्य आहे किंवा येऊन गेले आहे, पोटात व्रण आहे, कंपवात आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा बाळाला पाजत आहेत, त्यांनी ती घेऊ नये. रक्तदाबाची दुसरी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना ही गोळीही दाखवावी. आयुर्वेदिक आहे म्हणून यादीतून वगळू नये, आणि गेल्या आठवड्यात बंद केली असली तरी सांगावी. तिचा अंमल तोवर उतरलेला नसतो.